शेवटच्या घराचं भात

यंदा दिवाळीआधीच्या वाघबारशीला माझ्या ब्लॉगला वर्ष झालं. पाड्यात कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सगळ्यांनी कोंबडं मागितलं असतं. फक्त नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. आता बंद करणार का?" मी त्याच्या ताटातली सुकटीची चटणी उचलून माझ्या ताटात घेतली आणि जेवायला लागले.

मी तलासरी तालुक्यात, उधव्याच्या पलीकडे एका पाड्यात राहते. पोस्टाची शाखा चालवते. शाखा म्हणजे आमच्याच घराची पडवी, एक टेबल, एक वजनकाटा, एक शिक्का आणि मी. टपालाची पिशवी आली की मीच फोडते, मीच वाटते. सगळे मला पोस्टबाई म्हणतात, लहान मुलंसुद्धा. माझा राग नाकावर असतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, हिला आधी राग येतो, मग कारण सापडतं.

ब्लॉगही रागातूनच सुरू झाला. गेल्या दिवाळीच्या तोंडावर नवऱ्याने उंबरगावच्या कंपनीतून येताना फोनवर एक व्हिडिओ आणला. कुणी हौशी माणूस हायवेने फिरायला निघालेला. अच्छाडच्या नाक्यावर ढाब्यात जेवला आणि मग आत वळून कुठल्याशा पाड्याच्या वेशीवर वाघदेवाच्या फळीसमोर उभा राहिला. म्हणाला, "हे लोक वाघाला इतके घाबरतात की लाकडाच्या फळीला शेंदूर फासतात." आणि हसला.

मी त्याच्या व्हिडिओखाली उत्तर लिहायला बसले. लिहीत गेले, लिहीत गेले, आणि पाठवायच्या वेळी ते सगळं गायब झालं. परत लिहिलं, परत गायब. तिसऱ्यांदा म्हटलं, याच्या दारात कशाला, आपण आपलं दार करू. ब्लॉग कसा उघडतात ते फोनलाच विचारलं. आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या खिडकीत येते, तीही फोन उभा ठेवला तर. म्हणून फोन वजनकाट्यावर टेकवून, एका बोटाने, तीन दुपारी खर्च करून मी पहिलं पान लिहिलं. लिहिलं ते इतकंच, की आम्ही घाबरत नाही. वाघ आमचा शेजारी होता. दिवाळीआधी शेजाऱ्याला जेवायला बोलवायचं असतं. आता डोंगरात वाघ राहिला नाही, तरी आम्ही त्याचं पान वाढतो. शेजारी गाव सोडून गेला म्हणून त्याचं नाव टाकायचं नसतं.

हे पान जगाला दाखवण्याआधी एका माणसाला दाखवणं भाग होतं. माझे सासरे. पाड्यातल्या देवांचं सगळं तेच बघतात. ते शेतकरीच आहेत, पण पेरा कधी, सण कधी, नवा तांदूळ कधी खायचा, हे पाडा त्यांना विचारतो. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. रविवारी दुपारी ते ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळतात. मी समोर बसले आणि भीत भीत वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते, हात दोरावर चालूच होते. वाचून संपलं तसे म्हणाले,

"इतका मोठा कशाला? वाघाला पान वाढला. झाला."

मग त्यांनी विचारलं, "हा फोनमधी जानार?"

"हो बाबा."

"आनि फोन मानूस कुठं कुठं घेऊन जातो, ठावा हाय ना तुला? परसाकडंला पन नेतात. देव कशाला न्यायचा तिकडं?"

मी स्वतः नेत होते. शेवटी त्यांनी नियम घालून दिला. देवांची खरी नावं लिहायची नाहीत, पूजेचे बोल लिहायचे नाहीत, देव कुठे बसतात ते लिहायचं नाही. मी चिडले. म्हटलं, मग श्रद्धेवर लिहायचं म्हणजे उरलं काय?

"जेवान उरला," ते म्हणाले. "बाकीचा कशाला पायजे?"

दोन दिवस मी धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की म्हाताऱ्याने मला वर्षभर पुरेल एवढा विषय दिला आहे.

तेव्हापासून रिवाजच पडला. आठवडाभर जमेल तसं लिहायचं, रविवारी दुपारी बाबांना वाचून दाखवायचं, त्यांनी "इतका मोठा कशाला" म्हणायचं, आणि मग खिडकीत जाऊन बटण दाबायचं. हे शब्द ऐकल्याशिवाय बटणावर माझा अंगठाच जाईना. कधी कधी ते पुढेही बोलायचे. पावसाळ्यात पहिली रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय आपण का खात नाही, यावर मी लिहिलं होतं. तर म्हणाले, "आनि काय लिव, भाजी कवळी असता तव्हा सगली खायला धावतात. देवाला दिली का तितका येळ ती वाढता. रान उरता." मी ते जसंच्या तसं घातलं. त्या आठवड्यात लोकांनी माझी अक्कल वाखाणली. मी गप्प बसले. मोह कुणाला सुटत नाही.

खरं सांगायचं तर तोवर मी काही फार भाविक नव्हते. डहाणूला कॉलेजात होते तेव्हा शहाणी झाले होते. घरी देवाचं सगळं बाबा बघायचे, मी फक्त नारळ आणून द्यायची. लिहायला लागले तेव्हा कळलं की मी पंधरा वर्षं ज्या घरात राहते तिथे काय चाललंय ते मला माहीतच नाही. विचारावं लागलं. उंबऱ्यावर तांदूळ का टाकतात, पहिली काकडी कोण कापतं, घरातल्या दिव्याला फुंकर का मारत नाहीत. विचारता विचारता मी बाबांच्या जवळ गेले. त्याआधी आमचं बोलणं "चहा ठेवू?" आणि "ठेव" एवढंच होतं.

वाचणारे हळूहळू जमले. पहिला वाचक नवरा, तोही धमकीवर. मग त्याच्या कंपनीतली आमच्या भागातली माणसं. मग पाड्याचीच एक लेक, सिल्वासाच्या दवाखान्यात नर्स आहे ती. ती प्रत्येक पानाखाली काहीतरी लिहायचीच, आणि तिचं लिहिलेलं माझ्याहून बरं असायचं. चैत्राच्या आसपास एक गंमत झाली. टपालाच्या पिशवीत एक पाकीट निघालं. वर पत्ता होता, "पोस्टबाई, उधव्याजवळ". मीच शिक्का मारला, मीच ते मला दिलं. डहाणूच्या एका निवृत्त बाईंनी लिहिलं होतं. शाळेत शिकवायच्या. त्यांनी लिहिलं होतं, की त्यांची आईसुद्धा पहिला चिकू झाडाखालीच ठेवून यायची, आणि बागेत काम करणारी मंडळी त्यावर हसायची. "तुमचं वाचून आईची आठवण आली, हसणाऱ्यांत मीही होते." महालक्ष्मीच्या जत्रेला डहाणूला गेले तेव्हा त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांनी पिशवीभर चिकू दिले आणि माझ्या तीन पानांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची एक यादीही दिली. चिकूंसाठी मी यादी माफ केली.

असं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं, आणि त्यानेच मी बिघडले. आपल्याला सगळं कळायला लागलंय असं मला वाटायला लागलं.

आमच्याकडे नवा तांदूळ आला की लगेच खात नाहीत. भात कापतात, झोडतात, कणगीत भरतात, पण चूल जुन्याच तांदळावर चालते. एक दिवस ठरतो, त्या दिवशी नवा भात देवापुढे आणि पितरांपुढे ठेवायचा, आणि मग अख्ख्या पाड्याने एकाच दिवशी खायचा. त्याला आम्ही नवं म्हणतो. हा दिवस कॅलेंडरात नसतो. बाबा सांगतात तो दिवस.

बाबा तो कसा ठरवतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं चांदणं बघतात, किंवा देवाला कौल लावतात. भाताचे दिवस आले की ते रोज संध्याकाळी टोपी घालून बाहेर पडायचे आणि घराघरातून फिरून यायचे. ते ताडीला जातात अशी माझी पंधरा वर्षांची खात्री होती.

यंदा भाद्रपद सरता सरता ब्लॉगवर विचारणा सुरू झाली. नवं कधी? कंपनीत रजा सांगावी लागते. सिल्वासाच्या नर्सने विचारलं, उंबरगावच्या खोलीवरच्या पोरांनी विचारलं, वापीला राहणाऱ्या एका कुटुंबाने विचारलं. इतकी माणसं मला विचारतात याने मी फुगले. आमचं भात झालं होतं. आजूबाजूचंही झालेलं दिसत होतं. रविवार सगळ्यांना सोयीचा. बाबा दोन दिवस कैनाडला नातेवाइकाकडे कार्याला गेले होते, त्यामुळे वाचून दाखवायला कुणी नव्हतं. म्हटलं, त्यात काय एवढं. मी खिडकीत उभी राहिले आणि लिहून टाकलं, "येत्या रविवारी आमच्या पाड्यात नवं. सर्वांनी यावं." बटण दाबलं.

बाबा शनिवारी परत आले. मी कामाच्या गडबडीत होते, सांगायचं राहिलं. राहिलं म्हणते, पण मनात कुठेतरी कुरकुर होती, तीही मी दाबली.

रविवारी सकाळी पाड्यात एक सहा आसनी रिक्षा शिरली. मागून दुसरी. मागून मोटारसायकली. नवे शर्ट, नारळ, पाय बांधलेले कोंबडे. बाबा ओट्यावर दोर वळत होते. त्यांनी हात थांबवून विचारलं,

"कोना घरी लगीन हाय?"

"लगीन नाय बाबा," उंबरगावहून आलेला एक जण म्हणाला. "नवं ना आज? पोस्टबाईनं लिहिलंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते येतं. त्यांनी टोपी घातली आणि टेकाडाच्या वाटेला लागले. मी मागोमाग गेले.

टेकाडावर पाड्यातलं शेवटचं घर आहे. तिथे एक काकी एकटी राहतात. नवरा गेला, मूलबाळ नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत त्या तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून त्यांच्या रोपांचा आवा सगळ्यात शेवटी लागला. सगळ्यांनी मिळून लावला, पण उशिराच. त्यांचं भात अजून निम्मं हिरवं होतं. हे मला माहीत होतं. मी स्वतः लावणीला गेले होते. माझ्या डोक्यात फक्त रविवार होता.

काकी अंगण झाडत होत्या. खालच्या रिक्षांचे आवाज त्यांच्यापर्यंत गेले होते, आणि कुणीतरी सांगितलंही होतं. बाबांनी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या,

"दादा, तुमी खा. माझ्या भाताला अजून दिस हायत. माझ्यासाठी थांबू नका."

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. मग मागे वळले. मी तिथेच उभी होते, आणि मला तेव्हा ते सगळं एकदम कळलं. ते संध्याकाळचे फेरे ताडीचे नव्हते. ते प्रत्येक दारात जाऊन विचारत होते, "तुमचा झाला का?" ज्याचं सगळ्यात शेवटी होणार, त्याच्यासाठी दिवस थांबायचा. चांदणं नाही, कौल नाही, एवढंच. आमच्या पाड्यात आजवर कुणाला "माझ्यासाठी थांबू नका" असं म्हणायची वेळ आली नव्हती. ती माझ्यामुळे आली.

उतरताना मी विचारलं, "बाबा, देव रागावेल का?"

"देवाचा मी बघीन," ते म्हणाले. "त्याला मानसाची भूक कलते. तिचा कोन बघील?"

त्या दिवशी पाड्यात कुणीही नवं खाल्लं नाही. आलेल्यांनी जुन्या तांदळाचा भात आणि डाळ खाल्ली. कोंबडे दोऱ्या सोडून परसात मोकळे केले, आणि ते कुणाचे कुठले यावरून संध्याकाळी थोडी हमरीतुमरी झाली. माणसं हसत आली होती, हसतच गेली. मला कुणी काही बोललं नाही. पण जे येऊ शकले नव्हते त्यांनी तिकडेच करून खाल्लं होतं. सिल्वासाहून नर्सने ताटाचा फोटो टाकला होता, "आम्हीपण नवं केलं!" एरवी तिचं काही आलं की मी चारदा वाचायचे. तो फोटो मी एकदाच बघितला.

पुढच्या रविवारी दुपारी मी बाबांसमोर बसले आणि फोन उघडला. ते दोर उचलून घरामागे गेले.

फार वाईट वाटलं. उगाच लपवत नाही, मी रडले, पोस्टाचा दरवाजा लावून रडले, आणि बाहेर एक बाई आधारकार्ड घेऊन ताटकळत बसली होती तिला नंतर सर्दीचं कारण सांगितलं. बाबा माझ्याशी बोलत नव्हते असं नाही. "चहा ठेवू?" "ठेव." पुन्हा तिथेच आलो होतो. वर्षभरात जे मिळालं होतं ते सगळं त्या ओट्यावर मिळालं होतं, आणि आता मी वाचायला लागले की तो ओटा रिकामा व्हायचा. नवऱ्याला म्हटलं, ब्लॉग बंद करते. वर्षभर जो बंद करायचं विचारत होता तोच म्हणाला, "बंद केलास तर काकीचं भात लवकर होणार का?"

मग मी लिहिलं. कुणाला न वाचून दाखवता लिहिलेलं ते दुसरं पान. त्यात सगळं सांगितलं. मी चुकले, कुणाला विचारलं नाही, शेवटच्या घरात भात व्हायचंय, नवं अजून झालेलं नाही. ज्यांनी खाल्लं त्यांना दोष नाही, दोष माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिल्वासाहून पहिलं उत्तर आलं. "खाल्लेलं परत देता येत नाही, पण पुढचं थांबवता येतं. आजपासून आमच्याकडे परत जुना तांदूळ. काकींचं झालं की सांगा." त्याखाली उंबरगावची खोली. "आम्हीपण थांबलो." वापीचं कुटुंब. "आम्हीपण." डहाणूच्या बाईंचा तर नव्याशी काही संबंधच नव्हता, तरी त्यांनी लिहिलं, "आमच्या घरीही थांबलो. बाजारात नवा तांदूळ आलाय, आणला नाही." आणि त्याखाली, यावेळी शुद्धलेखन बरं आहे.

मी टपालाची पिशवी घेतली आणि टेकाड चढले.

"काकी, तुमचं टपाल आलंय."

"माझा?" काकी हसल्या. "माझा कोन हाय लिवनारा?"

मी अंगणात बसले आणि फोनमधून एकेक वाचून दाखवलं. कोण, कुठे राहतं, कुणाची लेक, काय लिहिलंय. काकी सूप मांडीवर घेऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाय माझी! ही सगली माझ्या भातावर डोला लावून उपाशी बसलीत?"

"उपाशी नाहीत हो, जुना भात खातात."

"मंग सांग त्यांना," काकी म्हणाल्या. "खालचा वावर पिवला झाला. वरचा अजून हिरवा हाय. राघू लय येतात."

मी हे लिहिलं. आणि मग रोजचंच झालं. मी वर जायची, काकी सांगायच्या, मी खाली येऊन खिडकीत उभी राहून टाकायची. वरच्या वावराला चार दिवस लागतील. रानडुक्कर बांधापर्यंत आलं होतं, कुत्र्याने हाकललं. आज ऊन चांगलं पडलं. वर्षभर मी देवाधर्मावर इतकं डोकं खाजवून लिहिलं, पण त्या दिवसांत एका म्हातारीच्या भाताची खबर जितकी वाचली गेली तितकं माझं काहीच वाचलं गेलं नव्हतं. अच्छाडला बाजाराला गेले तर ढाब्यावर भाकऱ्या करणारी बाईसुद्धा विचारते, "काकीचं झालं का?" तिचा आमच्या पाड्याशी काही संबंध नाही. तिला कुणी ट्रकवाल्याने दाखवलं होतं म्हणे.

बाबांना हे सगळं कळत होतं. मी रोज टेकाड चढते हे ते ओट्यावरून बघत होते. विचारत मात्र काही नव्हते. मधला आणखी एक रविवार तसाच गेला, ओटा रिकामा.

शेवटी नवं बुधवारी झालं. बुधवारी कुणाला रजा मिळते? तरी रिक्षा आल्या. त्या पहिल्या रविवारपेक्षा कमी, पण आल्या. सिल्वासाहून नर्स रात्रपाळी करून थेट आली आणि दोन घास खाऊन तिथेच भिंतीला टेकून झोपली. उंबरगावची पोरं अर्ध्या दिवसासाठी आली, परसातले कोंबडे अजून आपलेच आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. पहिला भात काकींच्या तांदळाचा शिजवला. बाबांनी देवापुढे पान ठेवलं आणि जे बोल म्हणायचे ते म्हटले. ते मी इथे लिहीत नाही, नियम आहे. नव्या भाताला वास असतो, त्यावर तूप नको की काही नको. आम्ही सगळे एका वेळी जेवायला बसलो. काकी मध्ये बसल्या होत्या आणि प्रत्येकाला "तू कोनाची?" विचारत होत्या.

पण वर्षभराचे आभार मानायचे तर ते त्या बुधवारचे नाहीत. ते त्याआधीच्या सोमवारचे आहेत.

सोमवारी दुपारी पोस्ट बंद करून मी पडवीत बसले होते. बाबा ओट्यावर होते. काकी टेकाडावरून उतरून आल्या. तापानंतर त्या पहिल्यांदाच इतक्या खाली आल्या होत्या, धापा टाकत होत्या. कमरेला खोचलेल्या पदरातून त्यांनी भाताच्या चार लोंब्या काढल्या आणि बाबांच्या हातावर ठेवल्या.

"झाला दादा," त्या म्हणाल्या. "वरचा पन झाला."

बाबांनी एक लोंबी तळहातावर चोळली. फुंकर मारून तूस उडवलं. दाणा दाताखाली धरला नाही, नखाने दाबून बघितला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"परवा. लिव."

मी फोन घेऊन खिडकीत गेले. लिहिलं, "काकींचं भात झालं. बुधवारी नवं." यापुढे काय लिहावं ते सुचेना, आणि लिहायचं काही उरलंही नव्हतं. अंगठा बटणाकडे नेला.

"थांब," बाबा मागून म्हणाले. "काय लिवलास? वाच."

मी ओट्यापाशी येऊन त्यांच्यासमोर बसले, नेहमीच्या जागी. काकी खांबाला टेकून उभ्या होत्या. बाबांनी दोर मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. मी वाचलं, "काकींचं भात झालं. बुधवारी नवं." एवढंच होतं, संपलं. ते डोळे मिटून तसेच बसून राहिले, दोर वळत, अजून पुढे काही यायचं असल्यासारखे.

मग म्हणाले, "इतका मोठा कशाला?"

मी खिडकीत गेले आणि बटण दाबलं.